जंजिरा : न पडलेला किल्ला, उठून गेलेले गाव

‘जंजिरा’ हा शब्द मराठीत मुळात विशेषनाम नव्हता. अरबीतला ‘जझीरा’ म्हणजे बेट. तो फार्सीच्या वाटेने दख्खनच्या दफ्तरांत आला, मराठी जिभेवर अनुस्वार घेऊन ‘जंजिरा’ झाला आणि पाण्याने वेढलेल्या कुठल्याही किल्ल्यासाठी वापरला जाऊ लागला. मराठेशाहीच्या कागदपत्रांत ‘जंजिरे विजयदुर्ग’, ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे कुलाबा’ असे उल्लेख सर्रास आढळतात. म्हणजे मराठ्यांचे स्वतःचे जंजिरे पुष्कळ होते. तरीही आज ‘जंजिरा’ म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे एकच जागा उभी राहते, आणि ती नेमकी मराठ्यांना कधीही न मिळालेली. जे हाती आले त्यांना आपापली नावे राहिली. जे हाती आले नाही त्याने सगळ्यांचे सामान्यनाम स्वतःकडे ओढून घेतले. भाषेच्या अभ्यासकाने या बेटाकडे पाहताना इथूनच सुरुवात करावी, असे आम्हांस वाटते.

आम्ही नागपूरकर. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर दूर. आमच्या पिढीला तो आधी पाठ्यपुस्तकांतून, मग कादंबऱ्यांतून आणि पुष्कळ उशिरा डोळ्यांनी दिसला. त्यामुळे जंजिऱ्याविषयी आमच्या मनात जे काही होते ते वाचलेले होते. आणि वाचलेले सगळे एका विशेषणाभोवती फिरत होते : ‘अजिंक्य’. पर्यटकांसाठीच्या पुस्तिकांत हेच विशेषण, होडीतल्या मार्गदर्शकाच्या तोंडी हेच, आणि आमच्या विद्यार्थ्यांच्या सहलवृत्तांतांतही हेच. या विशेषणाने एक मोठी गोष्ट झाकली जाते. जंजिरा हा केवळ किल्ला नव्हता. ते तटाच्या आत वसलेले एक गाव होते. माणसे तिथे राहत होती, नमाज पढत होती, पाणी भरत होती, लग्ने लावत होती, मरत होती. तो किल्ला लढाईत कधी पडला नाही हे खरे. पण ते गाव मात्र उठले. कुणाच्याही तोफेने नव्हे, तर काळाच्या साध्या हालचालीने. जंजिऱ्याचा खरा इतिहास या दोन वाक्यांच्या मधे आहे आणि तिथे जाणाऱ्यास तो क्वचितच दाखवला जातो.

प्रथम जागा समजून घेतली पाहिजे. रायगड जिल्ह्यातील मुरुड गावाच्या दक्षिणेस चार-पाच किलोमीटरवर राजपुरीची खाडी समुद्राला मिळते. खाडीच्या मुखाशी सुमारे बावीस एकरांचे एक खडकाळ बेट आहे. त्याच्या काठाकाठाने, खडकाच्याच आकाराने फिरलेला तट थेट पाण्यातून वर येतो. त्याची उंची चाळीस फुटांच्या आसपास. तटात थोड्याथोड्या अंतरावर गोल बुरूज आहेत. ते कुणी एकोणीस मोजतो, कुणी बावीस. मुख्य दरवाजा राजपुरीच्या अंगाला, पण दोन बुरुजांच्या बेचक्यात असा बसवलेला की होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही. पश्चिमेला, उघड्या समुद्राकडे, दर्या दरवाजा. आणि या साऱ्याच्या मधोमध, चहूकडे खारे पाणी असताना, गोड्या पाण्याचे दोन तलाव. आमच्या मते या बेटावरची सर्वांत महत्त्वाची वास्तू हे तलावच. तोफा युद्धासाठी असतात. तलाव राहण्यासाठी असतात.

या बेटाची पहिली कथा कोळ्यांची आहे. परंपरा अशी की पंधराव्या शतकाच्या अखेरीस राजपुरीच्या कोळ्यांनी चाच्यांपासून रक्षण व्हावे म्हणून बेटावर लाकडी ओंडक्यांचा मेढेकोट उभारला. राम पाटील हा त्यांचा प्रमुख. तो अहमदनगरच्या निजामशाही ठाणेदाराला जुमानीना. तेव्हा पिरमखान नावाचा हबशी सरदार व्यापाऱ्याच्या वेषात गलबते घेऊन आला, त्याने मद्याची पिंपे भेट म्हणून पाठवली, कोळी झिंगले आणि रात्री गलबतांतल्या माणसांनी मेढेकोट घेतला. ही कथा जशीच्या तशी घडली असेल असे नाही. अशा कथा जगात ठिकठिकाणी सांगितल्या जातात. परंतु तिच्यात दोन गोष्टी टिकून राहिल्या आहेत. पहिली, बेटाचे मूळ रहिवासी कोळी होते ही स्मृती. दुसरी, ज्याला पुढे सारे अजिंक्य म्हणू लागले त्याची गोष्टच मुळी जिंकल्या जाण्यापासून सुरू होते, ही जाणीव.

मेढेकोटाच्या जागी दगडी कोट झाला तो बुऱ्हाणखानाच्या वेळी, १५६७ ते १५७१ या काळात, असे मानले जाते. ‘जंजिरे मेहरूब’ हे त्याचे नाव. ‘मेहरूब’चा अर्थ चंद्रकोर असा सांगितला जातो. हबशी म्हणजे अ‍ॅबिसिनियाकडून, आफ्रिकेच्या पूर्व भागातून आलेले लोक. अरबी समुद्रावरच्या गुलामांच्या व्यापारातून त्यांतले पुष्कळजण दख्खनच्या सुलतानांकडे आले आणि लष्करी कर्तबगारीवर वर चढले. निजामशाहीचा कारभार एकहाती चालवणारा मलिक अंबर हा त्यांतला सर्वांत थोर. १६२६ मध्ये तो वारला. त्याच्याच काळात जंजिऱ्याचा सिद्दी अंमलदार हळूहळू स्वतंत्र सत्ताधीशासारखा वागू लागला. १६३६ मध्ये निजामशाही संपल्यावर हा मुलूख विजापूरकडे गेला. सिद्दीने विजापूरच्या व्यापाराचे आणि मक्केला जाणाऱ्या यात्रेकरूंचे समुद्रावर रक्षण करावे, अशी वाटणी झाली. जंजिऱ्याच्या सत्तेचे एक वैशिष्ट्य विसरता कामा नये. बराच काळ इथली गादी बापाकडून मुलाकडे जात नव्हती. प्रमुख सिद्दी सरदार आपल्यातला समर्थ माणूस निवडीत. ज्या काळात भाऊबंदकीने दख्खनची भली भली घराणी पोखरली, त्या काळात या छोट्या बेटाला ही रीत फार उपयोगी पडली असावी.

मराठ्यांशी त्यांचा झगडा सुरू झाला तो सतराव्या शतकाच्या मध्यावर. १६५७ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी रघुनाथ बल्लाळ यांस सिद्दीवर पाठवले. पुढे दंडाराजपुरीचा किनारा मराठ्यांकडे आला, पण बेट आले नाही. १६६४ मध्ये मालवणजवळ सिंधुदुर्गाचे काम सुरू झाले. त्यामागे जंजिऱ्यापुढे आलेल्या अडचणींचा अनुभव होताच. १६७०-७१ मध्ये जंजिरा मिळण्याची वेळ अगदी जवळ आली. तेव्हाचा सिद्दी फत्तेखान तहाला, किंबहुना किल्ला देण्यालाही तयार झाला होता. परंतु त्याच्याच सरदारांनी त्याला कैद केले, मोगलांचा आश्रय घेतला आणि औरंगजेबाकडून ‘याकूतखान’ हा किताब मिळवला. १६७१ च्या होळीच्या रात्री सिद्दी कासमने मराठ्यांची दंडाराजपुरी अचानक छापा घालून परत घेतली. म्हणजे ज्या घटनेने जंजिऱ्याचे भवितव्य ठरले ती तटावरची लढाई नव्हती. ती तटाच्या आतल्या लोकांनी केलेली निवड होती.

यानंतर महाराजांनी जे केले ते साहित्याच्या विद्यार्थ्याने मुद्दाम पाहण्यासारखे आहे. जंजिऱ्याच्या वायव्येस कांसा नावाच्या छोट्या बेटावर त्यांनी पद्मदुर्ग बांधायला घेतला. १६७५ च्या जानेवारीतले त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. ते सुभेदार जिवाजी विनायक यांस लिहिलेले असून पद्मदुर्गास वेळेवर रसद व द्रव्य न पोचवल्याबद्दल त्यात कडक कानउघाडणी केली आहे. त्यातला आशय असा की पद्मदुर्ग ‘वसवून’ राजपुरीच्या छातीवर दुसरी राजपुरी उभी केली आहे. क्रियापद ‘बांधणे’ नाही, ‘वसवणे’ आहे. आणि उत्तर किल्ल्याला किल्ल्याने नव्हे, राजपुरीला राजपुरीने दिलेले आहे. समोर जे आहे ती नुसती दगडी भिंत नसून नांदते ठाणे आहे, तेव्हा त्यास तोडीस तोड नांदते ठाणेच हवे, ही समज त्या शब्दयोजनेत आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या पत्रलेखकाला जे दिसले ते आजच्या पर्यटनपुस्तिकेला दिसत नाही.

१६७६ मध्ये मोरोपंत पिंगळे मोठ्या तयारीने जंजिऱ्यावर चालून गेले. लाय पाटील या कोळी दर्यावर्दीची गोष्ट याच मोहिमेतली. परंपरा सांगते की त्याने अंधाऱ्या रात्री आपल्या माणसांनिशी तटाला शिड्या लावल्या. मागून यायची ती माणसे पहाटेपर्यंत आली नाहीत, आणि उजाडताना शिड्या काढून परतावे लागले. महाराजांनी त्याला पालखीचा मान देऊ केला. दर्यावर फिरणाऱ्याला पालखी कशाला, असे म्हणून त्याने तो नम्रपणे नाकारला; तेव्हा महाराजांनी त्याला गलबत बांधून दिले आणि त्याचे नाव ‘पालखी’ ठेवले. इतिहासाच्या कसोटीवर तिचे तपशील कसेही उतरोत, मराठीतल्या सुंदर आख्यायिकांपैकी ती एक आहे. शिवाय तिच्यात कोळी पुन्हा येतात. बेटावरून हुसकला गेलेला समाज दोनशे वर्षांनी त्याच तटाला शिडी लावतो, हा योग कुणा लेखकाने रचलेला नाही.

१६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर समुद्रच बुजवण्याचा प्रयत्न केला. राजपुरीच्या किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगड, लाकूड टाकून सेतू बांधायला सुरुवात झाली. तोच मोगल सरदार हसनअलीखान कल्याणकडे उतरला आणि ती मोहीम अर्धी सोडून परतावे लागले. या साऱ्या प्रयत्नांची बेरीज केली म्हणजे ‘अजिंक्य’ या शब्दाची घडण उमगते. तट भक्कम होता, पण तट अनेक ठिकाणचे भक्कम होते. जंजिऱ्यापाशी आणखी चार गोष्टी होत्या. आत गोडे पाणी होते, त्यामुळे वेढा घालून तहानेने मारता येत नव्हते. स्वतःचे आरमार होते, म्हणून रसद तुटत नव्हती. सुरतेस मोगलांचा आणि गरज पडेल तेव्हा मुंबईस इंग्रजांचा आसरा होता. सिद्दीची गलबते कित्येक पावसाळे मुंबईच्या बंदरात काढत आणि इंग्रजांना ते मुकाट्याने सोसावे लागे. त्याच सिद्दीने १६८९-९० मध्ये खुद्द मुंबईला वेढा घातला हा भाग निराळा. आणि चौथी गोष्ट, प्रत्येक वेळी ऐन घटकेस मराठ्यांवर दुसऱ्या सीमेवरून संकट येत गेले. ‘अजिंक्य’ हा दगडाचा गुण नाही. तो पाण्याचा, जहाजांचा, राजकारणाचा आणि काही प्रमाणात योगायोगाचा परिणाम आहे. विशेषण लावून आपण मोकळे होतो, तेव्हा ही कारणे शोधण्याचे काम थांबते.

अठराव्या शतकात हा झगडा पेशव्यांकडे आला आणि इथे इतिहासाची एक गंमत आहे. पेशव्यांचे भट घराणे मूळचे श्रीवर्धनचे, तिथल्या देशमुखीचे वतनदार. म्हणजे सिद्दीच्याच मुलखातले. त्याच्याशी बिनसल्यामुळे बाळाजी विश्वनाथ घाटावर आले, असे सांगतात. पुढे १७२७ मध्ये सिद्दी सातने चिपळूणजवळच्या परशुरामाच्या देवस्थानाला उपद्रव दिला, ब्रह्मेंद्रस्वामींनी साताऱ्याला आणि पुण्याला एकसारखी पत्रे लिहून हा प्रश्न पेटता ठेवला आणि १७३३ मध्ये बाजीराव स्वतः कोकणात उतरला. १६८९ पासून मराठ्यांच्या हातून गेलेला रायगड या मोहिमेत परत आला. १७३६ मध्ये चिमाजी अप्पाने सिद्दी सातला लढाईत ठार केले आणि सिद्दीचे बळ कायमचे मोडले. पण बेट राहिले ते राहिलेच. पेशवाई १८१८ मध्ये बुडाली. पेशव्यांचे मूळ गाव मात्र १९४८ पर्यंत सिद्दीच्या संस्थानातच होते.

आता आमच्या विषयाचा, म्हणजे साहित्याचा, प्रश्न. मराठी लेखनात सिद्दी कसा येतो? सभासदाने आपल्या बखरीत राजपुरीच्या सिद्दीला घरातल्या उंदराची उपमा दिली. ही बखर जिंजीस, राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून लिहिली गेली. स्वराज्याच्या सेवकाने शत्रूविषयी असे लिहिणे स्वाभाविक होते आणि उपमा म्हणून ती चपखलही आहे : लहान, चपळ, घरात असून हाती न लागणारा. परंतु पुढच्या लेखकांनी उपमा उचलली आणि तिच्यामागचा प्रसंग सोडून दिला. ऐतिहासिक कादंबऱ्यांत आणि नाटकांत सिद्दी बहुतेक वेळा क्रूर, काळाकभिन्न, एकरंगी खलपुरुष होऊन येतो. त्याच्या रंगाचे वर्णन त्याच्या स्वभावाचे वर्णन म्हणून खपवले जाते, आणि वर्गात ते वाचताना आपणही थांबत नाही. सिद्दीने किनाऱ्यावरच्या रयतेवर जुलूम केले, माणसे पकडून विकली, हे समकालीन कागद सांगतात आणि ते झाकण्याचे कारण नाही. पण गुलाम म्हणून समुद्र ओलांडून आणलेल्या लोकांनी परक्या किनाऱ्यावर तीनशे वर्षे टिकणारी सत्ता उभी केली, हेही तितकेच खरे आहे. या दोन्ही गोष्टी एका पात्रात मावतील असे लिहिणारा लेखक मराठीला अजून हवा आहे.

नागपूरकरांना हे समजायला अवघड जाऊ नये. आमचे शहर ज्याने वसवले तो देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह. औरंगजेबाच्या दरबारी जाऊन त्याने इस्लाम स्वीकारला, बादशहाकडून नाव घेतले आणि १७०२ च्या सुमारास बारा लहान गावे एकत्र करून नागपूर उभे केले. पुढे भोसले आले, खरी सत्ता त्यांच्या हाती गेली, तरी गोंड राजा नामधारी म्हणून इथेच राहिला. मोगल आणि मराठे या दोन मोठ्या रकान्यांत न बसणाऱ्या अशा सत्ता महाराष्ट्राच्या दोन्ही टोकांस होत्या; पूर्वेस अरण्यात गोंडांची, पश्चिमेस समुद्रात हबश्यांची. बख्त बुलंदाला आम्ही शहराचा संस्थापक म्हणून मान देतो, कारण त्याने वसवलेल्या गावात आम्ही राहतो. सिद्दीच्या गावात आज कुणी राहत नाही. त्याच्याविषयी आपुलकीने बोलणारे थोडे असण्याचे हे एक साधे कारण असावे.

ते गाव कसे होते? स्थानिक माहितीनुसार तटाच्या आत तीन मोहल्ले होते, दोन मुसलमानांचे आणि एक इतरांचा. तलावाच्या वरच्या अंगाला सुरूलखानाचा अनेक मजली वाडा होता. त्याच्या कमानींच्या रिकाम्या चौकटी अजून उभ्या आहेत. दरवाजाजवळ पीरपंचायतन, पुढे मशीद, मधल्या टेकडीवर बालेकिल्ला, आणि उतारावर घरांची जोती. आज त्या जोत्यांतून झाडे उगवली आहेत. काळजीपूर्वक पाहिले तर पायऱ्या, कोनाडे, चुलीची जागा असावी असे कोपरे ओळखता येतात. तोफांपाशी, विशेषतः कलाल बांगडीपाशी, छायाचित्रांसाठी रांग लागते. जोत्यांपाशी कुणी थांबत नाही.

हे गाव एका दिवसात उठले नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या छत्राखाली समुद्र शांत झाला आणि तटाचे काम संपले. ज्या भिंतीने शत्रू बाहेर ठेवले तीच आता दळणवळणाला अडचण झाली. संस्थानचा कारभार मुरुडला सरकला. नबाब अहमदखान यांच्या काळात मुरुडजवळ टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून नवा राजवाडा झाला. त्यांच्या पत्नी नाझली बेगम या फैजी घराण्यातल्या. १९०८ मध्ये त्या युरोपला जाऊन आल्या आणि त्या प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिले. त्यांची बहीण अतिया फैजी हिचा कवी इक्बालशी पत्रव्यवहार होता आणि त्या पत्रांत इक्बालला जंजिऱ्यास येण्याच्या निमंत्रणाचा विषय येतो. मराठी वाचकाला जंजिरा म्हणजे शिड्या आणि तोफा. उर्दू वाचकाला त्याच नावाशी एक सुसंस्कृत, वाचणारे-लिहिणारे घर आठवते. एकाच जागेच्या या दोन वाङ्मयीन स्मृती आपल्याकडे एकमेकींना क्वचितच भेटतात. आम्ही पदव्युत्तर वर्गांत हा उल्लेख केला तेव्हा विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य हे त्याचेच चिन्ह होते.

१९४८ च्या जानेवारीत नानासाहेब पुरोहित, मोहन धारिया आदी कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने संस्थानात जनतेचा उठाव झाला आणि मार्च महिन्यात संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन कुलाबा जिल्ह्यात गेले. काठेवाडातले जाफराबादही या संस्थानाकडे होते. तेही वेगळे झाले. अकरा तोफांच्या सलामीचे संस्थान सहीने संपले. बेटावर जी कुटुंबे उरली होती त्यांचा राजाश्रय गेला. शाळा, बाजार, दवाखाना, रोजगार, सगळे किनाऱ्यावर. पावसाळ्याचे चार महिने समुद्र खवळलेला. अशा स्थितीत माणसे जशी जातात तशी ती एकेक करून मुरुड, राजपुरी, मुंबईकडे गेली. घरांची लाकडे, दारे, कवाडे निघाली, मग छपरे, मग भिंती. तीन शतके जे कुणाला जमले नाही ते दोन-अडीच दशकांत आपोआप झाले : जंजिरा रिकामा झाला.

हे अटळ होते असे मात्र म्हणवत नाही. मालवणच्या सिंधुदुर्गात तटाच्या आत आजही काही कुटुंबे राहतात, शिवराजेश्वराच्या मंदिरात पूजा होते. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, हबश्यांच्या मूळ भूमीच्या दक्षिणेस, मोझांबिक बेटावर जुन्या दगडी शहरात वस्ती टिकून आहे आणि १९९१ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत गेले. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे बारा किल्ले या यादीत आले. त्यांत सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे चार सागरी किल्ले आहेत. जंजिरा त्यात नाही, आणि तो मराठ्यांनी बांधलेला वा राखलेला नसल्याने त्या नामांकनात असण्याचे कारणही नव्हते. परंतु याचा अर्थ असा की त्याची गोष्ट सांगायला त्याचे स्वतःचे वेगळे प्रकरण हवे, आणि ते लिहिले जायचे आहे.

मग जाणाऱ्याने काय पाहावे? नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. जूनपासून पावसाळाभर होड्या बंद असतात, आणि शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी त्या थांबतात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाची होडी निघते. किल्ल्यात साधारण पाऊण तास मिळतो. मार्गदर्शक दरवाजावरचे शिल्प दाखवतो : पंजांत हत्ती दाबून धरलेला वाघासारखा पशू. तो सत्तेचा गर्व आहे, पाहावाच. पण तिथून तोफांकडे जाण्याआधी तलावाच्या काठी पाच मिनिटे उभे राहावे आणि या पाण्यावर किती चुली पेटत असतील याचा अंदाज करावा. परत आल्यावर राजपुरीजवळच्या खोकरीच्या घुमटांकडे जावे. सुरूलखान, याकूतखान आणि खैरियतखान यांच्या दगडी कबरी तिथे आहेत, जाळीदार, देखण्या आणि बहुधा निर्मनुष्य. जमल्यास पद्मदुर्ग पाहावा; तिथे लाटांनी दगड झिजून खोल गेले आहेत, पण त्यांना सांधणारा चुना तसाच बाहेर उभा आहे. फणसाडचे अभयारण्य म्हणजे नबाबांचे जुने शिकारीचे रान. श्रीवर्धनची रोठा सुपारी, मुरुडच्या नारळ-पोफळीच्या वाड्या, वाटेवरची कोळीवाड्यांतली वाळत घातलेली मासळी, हे सगळे त्याच एका संस्थानाचे अवशेष आहेत. जिवंत असल्यामुळे आपण त्यांना अवशेष म्हणत नाही, इतकेच.

शिक्षकबांधवांना आमची एक सूचना आहे. पुढच्या सहलीत विद्यार्थ्यांना ‘अजिंक्य जंजिरा’ या विषयावर निबंध लिहायला सांगू नये. त्याऐवजी त्यांना एकेक जोते वाटून द्यावे आणि तिथे कोण राहत असेल, ते कोणती भाषा बोलत असतील, पाणी कुठून आणत असतील आणि शेवटी कोणत्या ऋतूत बेट सोडून गेले असतील, याचा विचार करायला लावावा. बेटावर राहिलेल्यांची मुले-नातवंडे मुरुड-राजपुरीच्या परिसरात आहेत. त्यांच्या घरांतल्या आठवणी अजून विचारता येतील, पण फार काळ नाही. तटाची डागडुजी पुरातत्त्व खाते करील. आठवणींची नोंद भाषेच्या विभागांनाच करावी लागेल, आणि त्यासाठी वही, पेन व स्थानिक बोली समजणारा एखादा विद्यार्थी एवढे पुरे आहे.